दोन्हीकडचा काठ

नख अडायला हवं होतं. अडलं नाही.

सकाळचे दहा वाजले असतील. मुलाने माझ्या तळहातावर नव्या नमुन्याची गुंडाळी ठेवली आणि म्हणाला, बघ, केवढीशी झाली. वरचा पट्टीचा वेढा अजून द्यायचा होता, तार उघडीच होती. मी चष्मा न शोधता अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं, गेली पंचेचाळीस वर्षं फिरवत आले आहे तसं. आमच्या कारखान्यातली कुठलीही गुंडाळी असो, तिच्या रिळाच्या दोन्ही कडांना आधी पिवळ्या पट्टीचा काठ बसतो आणि तांब्याची तार त्या दोन काठांच्या मधेच राहते. त्यामुळे कडेवरून आत येताना नख एकदा अडतं, अंधारात पायरीवर पाय अडावा तसं. आज ते सरळ घसरत गेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती तार, गुळगुळीत, भरगच्च, दिसायला देखणी. माझ्या मानेवर काटा आला आणि नाकात जळक्या वॉर्निशचा वास भरला. खोलीत वॉर्निशचा डबासुद्धा उघडलेला नव्हता.

मुलगा बोलत होता. धाप लागणाऱ्या माणसांनी तोंडाशी धरायचं वाफेचं यंत्र असतं, ते बनवणारी एक मोठी कंपनी. त्यांना यंत्राची डबी मुठीत मावेल अशी करायची आहे. डबी लहान तर आतली, भिंतीतली वीज कमी करून देणारी गुंडाळी लहान, हे ओघानेच आलं. कंपनीचा इंजिनिअर दुपारी चारला येणार, नमुना घेणार, नमुन्याच्या कागदावर मालक म्हणून माझी सही घेणार. सही झाली की दोन्ही लांब टेबलांना वर्षभर काम. टेबलांवर बत्तीस बायका बसतात आणि दोन महिने झाले, त्या अर्धा दिवस काम करून घरी जातात. जाताना माझ्या काचेच्या खोलीकडे बघत नाहीत. न बघण्याची सुद्धा एक तऱ्हा असते. मला ती पाठीत कळते.

काठ कुठे गेला, मी विचारलं.

तो हसला. म्हाताऱ्या माणसाला फोन कसा लावायचा ते शिकवताना माणसं हसतात, तसं. म्हणाला, "चार मिलिमीटर इकडून, चार तिकडून. निम्मं रीळ आपण नुसतं अडवून ठेवतो, आई. ती पट्टी काही करत नाही."

काही करत नाही. हे वाक्य मी तोंडात घोळवत बसले, दाताखाली खडा आल्यासारखं. याचा बाप गेला त्या वर्षीसुद्धा कोणीतरी म्हणालं होतं की ही बाई दिवसभर खुर्चीत बसून असते, करते काय. मी खुर्चीत बसते म्हणून बत्तीस जणी नीट बसतात, हे त्या शहाण्याला कोण सांगणार. भिंत काय करते? जिन्याचा कठडा काय करतो? वर्षानुवर्षं काही करत नाही, आणि एक दिवस कुणाचा तरी तोल जातो.

मी म्हटलं, तीन पदरी तार आणली असशील मग. कारण मी अगदीच चिखलात रुतलेली म्हैस नाही. एक तार येते, तिच्या अंगावरच तीन वेगवेगळी आवरणं असतात. ती वापरली तर काठ सोडावा लागत नाही, तारच आपला काठ अंगावर घेऊन फिरते. तशी तार असती तर मी स्वतः ती पट्टी सोलून फेकली असती. मुलाने कागद पुढे सरकवला. कागदावर तसंच लिहिलं होतं, तीन पदरी तार. मी गुंडाळीचं सुटं टोक दोन बोटांत धरलं, नखाने खरवडलं. एका खरवडीत तांबं उघडं पडलं. साधी तार. वरचा रंगाचा एक हात, तेवढाच तिचा कपडालत्ता. मी त्याच्याकडे बघितलं तर तो खिडकीकडे बघत होता. ती तार यायला दहा आठवडे लागतात, म्हणाला, आणि कंपनी तीनच्या वर थांबत नाही. फक्त पहिला लॉट. पुढच्या लॉटपासून खरी तार. आणि असंही नाही की तपासलं नाही. वीस नग आत्याने स्वतः टेबलावर लावून चार हजार व्होल्ट एक मिनिट दिले, एकातही ठिणगी नाही.

फक्त पहिला लॉट. पहिल्या लॉटची यंत्रं ज्यांच्या हातात जाणार ती माणसं काय फक्त पहिल्या खेपेलाच श्वास घेणार होती?

 माझ्या तोंडाला दार नाही असं सगळे म्हणतात, पण काही वेळा ते असतं आणि आतून कडी लागते. मुलगा गेला. मी गुंडाळी टेबलावर ठेवली आणि ती माझ्याकडे बघत राहिली. इतकी सुबक होती ती. माझ्याच हातची वाटावी इतकी.

कारण हीच गुंडाळी मी एकदा केलेली आहे. चौथीपर्यंत शाळा, लग्न, एक खोली, आणि खोलीच्या कोपऱ्यात हाताने फिरवायचं यंत्र, त्याला आकडे मोजणारी टकटक. चष्मेवाला मालक बायकांना घरी रीळं आणि तार देऊन जायचा. त्याने पहिल्या दिवशी रिळाच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने रेघ मारली आणि सांगितलं, तार या रेघेबाहेर जाता कामा नये. का, असं मी विचारलं. वहीत समास सोडतात ना, तसं समज, म्हणाला, आणि सायकलवर टांग टाकून गेला. आता समासाचं माझं असं, की आमच्या घरी एक वही वर्षभर पुरवायची असे. मी समासात लिहायचे, मागच्या पुठ्ठ्यावर लिहायचे, आणि बाईंच्या छड्या खायचे. कोरी जागा सोडायची ती ज्यांच्या घरी वह्यांचे गठ्ठे आहेत त्यांनी, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं. महिनाभर रेघ पाळली. मग हात बसला, आणि हात बसला की डोकं चढतं. रेघेबाहेरची ती कोरी पट्टी मला डोळ्यांत खुपायची. फरशी पुसताना कोपरा सोडणाऱ्या बायकांचा मला राग, आणि मी स्वतः रोज दोन कोपरे सोडायचे? एका खेपेला मी रीळ काठोकाठ भरलं. तारेला तार लागून, एक वेढा इकडचा तिकडे नाही. वेढे तेवढेच, पण थर कमी झाले आणि गुंडाळी आटोपशीर दिसायला लागली. शेजारच्या बायका हातात घेऊन बघायच्या. चष्मेवाल्याने वरून कागदाचा वेढा पाहिला, तपासणीचा दिवा लावला, सगळं पास. त्या खेपेच्या चाळीस गुंडाळ्या गेल्या. एक घरी राहिली. माझे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी ती वापरून बहिणीसाठी, माझ्या वन्संसाठी, पत्र्याच्या पेटीचा रेडिओ जुळवला.

तीन वर्षं वाजला तो. लोकांना वाटतं वीज म्हणजे घाई. कडाडली, पडली, संपलं. ती वीज वेगळी. ती हवेतून उडी मारते, आणि तिच्यासाठी दोन तारांमध्ये हवेचं अंतर ठेवावं लागतं. पण दुसरी एक वीज असते तिला मुळीच घाई नसते. ती पृष्ठभागावरून सरपटते. दमट दिवसात धूळ ओली होते, त्या ओलीतून मुंगीएवढी वीज पुढे सरकते, ओल सुकते, सुकताना जळून काळा ठिपका राहतो. पुढच्या दमट दिवसात ती त्या ठिपक्यावर उभी राहून आणखी एक पाऊल टाकते. जिथे रेघ सोडली असती तिथे तिला चालून चालून दमायला झालं असतं. मी तिला वाट आखडून दिली. आतली तार भिंतीतल्या विजेची, वरची माणसाच्या बाजूची, आणि दोघींच्या मधे नुसता कागद. कागदाच्या कडेवरून एक वेढा खाली घसरला की पलीकडची तार, आणि तिच्या पुढे पत्र्याची पेटी, आणि पेटीवर हात.

वन्सं सोळा वर्षांच्या. नाहून आल्या होत्या, केस ओले, हात ओले, स्टेशन बदलायला वाकल्या. त्या ओरडल्या नाहीत. माणूस ओरडतो हे खोटं आहे. हात धरला जातो आणि आवाज घशात राहतो. रेडिओ मात्र शांतपणे बातम्या सांगत होता. मी लाकडी काठीने वायर हिसडली तेव्हा त्या खाली पडल्या आणि पडल्यावर पहिला श्वास घेतला. तो आवाज अजून माझ्याकडे आहे. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तेव्हापासून आत वळलेली, सरळ होत नाहीत. त्या बोटांपायी पुढे काय काय झालं नाही, कोण बघायला येऊन चहा पिऊन परत गेलं, ते मी लिहीत नाही. त्या माझ्याच घरी राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना, मी गुंडाळी उलगडली. कागदाच्या कडेवर केसाएवढी काळी रेघ होती. तिला फाटे फुटलेले, फाट्यांना फाटे, झाडाचं मूळ जमिनीत उतरावं तसं. चष्मेवाल्याने मारलेली रेघ मी पुसली होती. विजेने आपली काढली. मी ते सगळं चुरगळून राखेच्या डब्यात खुपसलं आणि यजमानांना सांगितलं की वायर घासली होती. ते तसंच समजून गेले.

पुढे आमची स्वतःची शेड झाली तेव्हा तपासणीच्या प्रयोगशाळेत एक बाई भेटल्या. पांढरा कोट, बोलणं कडक, माझ्यासारख्याच. त्यांनी खिशातून शिवणाचा दोरा काढला. ताणून धरला की हवेतलं अंतर, म्हणाल्या. मग तोच दोरा वस्तूच्या अंगाला चिकटवत, चढत-उतरत नेला, हे पृष्ठभागावरचं. मधे खाच पाडली की दोरा खाचेत उतरून वर येतो, वस्तू तेवढीच राहते पण वाट लांबते. उंच डोंगरावर हवा विरळ, तिथे ठिणगीची उडी लांब, म्हणून तिथे अंतर जास्त. जिथे धूळ आणि ओल, तिथे जास्त. मी विचारलं, चार मिलिमीटर पुरतात म्हणता, मग आजाऱ्याच्या यंत्राला आठ का? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. चारने माणूस वाचतो, म्हणाल्या, पण चारची भिंत कधीतरी पडते. ती पडलेलीच आहे असं धरून दुसरी बांधायची. आजाऱ्याला हात मागे घेता येत नाही. त्या दिवसापासून माझ्या शेडमध्ये नव्या बाईला पहिल्या दिवशी यंत्राला हात लावू देत नाही. दोरा देते हातात. कारण सांगते. चष्मेवाल्यासारखी सायकलवर टांग टाकून जात नाही.

मुलालाही कारण सांगितलं होतं. दहा वर्षांचा असताना दोरा हातात दिला होता. त्याने त्या दोऱ्याने भोवरा फिरवला, ते असो. कारण सांगितलं, पण गोष्ट सांगितली नाही. कारण विसरता येतं. मी स्वतःला म्हणत आले की गोष्ट सांगून कुणाचं भलं होणार आहे, वन्संच्या बोटांवर पुन्हा मीठ कशाला. आज ती गुळगुळीत गुंडाळी टेबलावर बसून मला म्हणाली, बाई, वन्संचं नाव पुढे करू नकोस. तुला तुझी मान खाली घालायची नव्हती, एवढंच.

खरं आहे. नव्हती घालायची. अजूनही नाही.

तीनच्या सुमाराला मी तपासणीच्या टेबलाशी गेले. वन्सं तिथे बसतात, तिशी उलटल्यापासून. लाल दिवा, काचेची पेटी, दोन चिमटे. चिमटे त्या अंगठा आणि दोन बोटांनी लावतात, वळलेली दोन बोटं कपबशी धरल्यासारखी बाजूला. मी विचारलं, वीसही पास? पास, म्हणाल्या. आणि मान वर न करता पुढे म्हणाल्या, "आज पास आहेत, वहिनी. आज कोरडं आहे." बस. त्या पहिल्यापासून कमी बोलतात. घरातलं बोलायचं काम माझ्याकडे.

चारला इंजिनिअर आला. कोवळा, केसांना काहीतरी चोपडलेलं, पण नजर चांगली. येताच मला आजी म्हणाला. मी म्हटलं, आजी घरी, इथे मोठ्या बाई म्हणतात. तो लाजला आणि मला आवडला. त्याने बॅगेतून डबी काढली, पांढरीशुभ्र, गोट्यासारखी गुळगुळीत, हातात धरावीशी वाटणारी. मुलाने कागद पुढे ठेवला, पेन ठेवलं, सही कुठे करायची तिथे बोटही ठेवलं. मी सही मोठ्या अक्षरात करते, चौथीच्या वहीतल्यासारखी, एकेक अक्षर सुटं आणि ठणठणीत. काचेपलीकडे टेबलांवरचा आवाज बंद झाला होता. बत्तीस जणी बघत नव्हत्या.

मी पेन उचललं नाही. गुंडाळी उचलली आणि टोक धरून ओढलं.

तार सुटायला लागली. मुलगा म्हणाला, आई, काय करतेस. मी ओढत राहिले. रीळ टेबलावर टकटक करत उड्या मारत होतं आणि तांब्याचा गुंता माझ्या मांडीत साठत होता. इंजिनिअरला वाटलं असेल म्हातारीचं काहीतरी बिनसलं. मी त्याला म्हटलं, कागदावर तीन पदरी तार लिहिली आहे, खरवडून बघा. त्याने खरवडली. मुलाने कागदावरचं बोट मागे घेतलं. आपल्या पोराला परक्यासमोर असं उघडं पाडणं सोपं नसतं, आणि मी ते सोपं करूनही घेतलं नाही. मी वन्संना आत बोलावलं. त्या दारात उभ्या राहिल्या, हात पदराखाली.

मी उभी राहिले. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हटलं, "आत्याचा हात रेडिओने गेला, हे तू लहानपणापासून ऐकतोस. वायर घासली नव्हती. त्यातली गुंडाळी मी केली होती, अशीच, काठ न सोडता. तीसुद्धा पास झाली होती." मी रडले नाही. आवाजही खाली आणला नाही. बाहेरच्यांनी ऐकलं तर ऐकू दे. पंचेचाळीस वर्षं हे माझ्या पोटात होतं, आणि बाहेर आलं तेव्हा एवढंसंच निघालं, तीन-चार वाक्यांचं.

मुलगा आत्याकडे बघत होता. मी नाही बघितलं. मी दाराच्या चौकटीकडे बघत होते.

वन्सं म्हणाल्या, "ठाऊक आहे."

मग त्याच पुढे म्हणाल्या, "राखेच्या डब्यात सापडली होती मला. शेवटची गाठ तुझी होती. दोन वेढे आणि उलटा पीळ. तशी दुसरं कोणी घालत नाही."

खरंच, प्रत्येक बाईची शेवटची गाठ वेगळी असते. आम्ही गाठीवरून नग कुणाचा ते ओळखतो. मी चाळीस वर्षं बायकांना हेच शिकवलं आणि राखेच्या डब्यात स्वतःची सही टाकून आले. मी म्हटलं, इतकी वर्षं बोलला नाहीत ते? वन्संनी खांदे उडवले. "तू काठ सोडायला लागलीस," म्हणाल्या, "मी रोज मोजत होते." आणि त्या आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या, आणि माझ्या मांडीतला गुंता आपल्या मांडीत घेऊन सोडवायला लागल्या. तांबं वाया गेलेलं त्यांना चालत नाही.

मला क्षमा मागायची होती असं कुणाला वाटेल. मागितली नाही. मागून त्यांना काय मिळालं असतं. द्यायचं काम पुन्हा त्यांच्यावरच पडलं असतं. मी यंत्रावर बसले. नवीन रीळ चढवलं, इकडे पिवळी पट्टी चार मिलिमीटर, तिकडे चार, नखाने दाबून, मग तार.  मधला पट्टीचा वेढा, पुन्हा काठ, दुसरी तार. शेवटची गाठ घातली, दोन वेढे आणि उलटा पीळ. इंजिनिअर माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याने खिशातून मोजायचं साधन काढलं, कडेला लावलं आणि आकडा स्वतःशीच पुटपुटला. गुंडाळी डबीत बसवून पाहिली. झाकण मिटलं नाही. दोन बोटं उघडं राहिलं, हसणाऱ्या तोंडासारखं.

मुलगा म्हणाला, ऑर्डर गेली. रागाने नाही, एखादं माणूस गेल्याचं सांगतात तसं.

काचेपलीकडे मी पाहिलं. आता मात्र बत्तीस जणी बघत होत्या. त्यांना उद्या मी काय सांगणार, ते मला माहीत नाही. तोंड लपवणार नाही, एवढं माहीत आहे. दरवाजात खुर्ची टाकून बसेन. शिव्या द्यायच्या त्यांनी समोरून द्याव्यात.

मी टेबलाच्या खणातून रबर काढलं, त्या उघड्या डबीला दोन वेढे देऊन आवळलं आणि इंजिनिअरच्या हातात ठेवलं. नमुन्याच्या कागदावरची तारेची ओळ त्याने स्वतःच खोडली आणि खाली लिहिलं, काठ चार अधिक चार. मग कागद माझ्यापुढे धरला. मी सही केली. एकेक अक्षर सुटं, ठणठणीत, आणि कागदाच्या कडेपासून चांगलं आत.

"साहेबांना तुमच्या हे असंच दाखवा," मी म्हटलं. "रबर काढू नका. आणि सांगा, आमची गुंडाळी मोठी नाही. तुमची डबी लहान आहे."